फिरीचा निकाल

गोंदियाच्या आमच्या शाळेत बास्केटबॉलचा पंच म्हणून जो माणूस मी सात वर्षं पाहिला, तो संस्कृतचा शिक्षक होता. हे ऐकून नवखा माणूस हसतो. मीही हसलो होतो. नागपूरहून गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. पहिल्याच संध्याकाळी शाळेमागच्या मैदानाकडे गेलो, तर धोतराचा काचा मारलेले, गळाबंद कोट आणि काळी टोपी घातलेले पन्नाशीचे एक गृहस्थ दहा पोरांच्या मधून शिट्टी घेऊन फिरत होते. धावत नव्हते. भरभर चालत होते, आणि तरी चेंडू जिथे असेल तिथे ते आधीच पोचलेले असत.

त्यांचं नाव नारायणराव पांढरीपांडे. पण गोंदिया हे हिंदी बोलणारं गाव, त्यामुळे स्टेशनावरच्या हमालांपासून राइस मिलच्या शेटजींपर्यंत सगळे त्यांना पंडितजी म्हणत. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

खेळ शाळेत आला तो माझ्या आधी. रेल्वेच्या कुणा साहेबानं दोन खांब, दोन फळ्या आणि दोन लोखंडी कडी शाळेला देऊन टाकली, आणि त्याबरोबर नियमांचं एक इंग्रजी पुस्तक. ड्रिलमास्तर पलटणीतून आलेले होते. त्यांना पोरांना पळवता येत होतं, पण इंग्रजी वाचता येत नव्हतं. हेडमास्तरांनी पुस्तक पंडितजींच्या हाती दिलं, कारण छापलेलं काहीही हा माणूस वाचून काढतो अशी त्यांची ख्याती होती. पंडितजींनी खेळ एकदाही पाहिलेला नव्हता. त्यांनी पुस्तक तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचताना वही केली. त्या वहीत प्रत्येक नियम आधी सूत्रासारखा एका ओळीत मांडलेला, त्याखाली शंका, त्याखाली उत्तर. ड्रिलमास्तर मला सांगत, की पंडितजी वही घेऊन मैदानावर आले तेव्हा त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही. आधी चुन्याच्या रेघा मोजल्या आणि सांगितलं, की डावीकडची रेघ अर्धा हात चुकली आहे.

त्यांचा जीव रमे तो फिरीच्या नियमांत. फिरी हा पोरांचा शब्द, ‘फ्री थ्रो’वरून पडलेला. एकानं दुसऱ्याला धक्का दिला, की धक्का खाल्लेल्याला एक मोकळी फेक मिळते. तो आखलेल्या रेघेमागे उभा राहतो, बाकीचे दोन्ही बाजूंना रांगेत थांबतात आणि तो चेंडू कड्यात टाकायला बघतो. चेंडू कड्याला किंवा फळीला लागेपर्यंत त्याचा पाय रेघेवर पडायचा नाही, रांगेतल्यांनी आत शिरायचं नाही आणि समोरच्यांनी त्याला बिचकवायचं नाही. ऐकायला हे सोपं आहे. पण समोरच्याचा पाय आत पडला आणि चेंडू कड्यात गेला, तर तो गुण धरायचा. नाही गेला, तर फेक पुन्हा द्यायची. फेकणाऱ्याच्याच बाजूची चूक असेल, तर चेंडू गेला तरी गुण नाही. आणि दोन्हीकडून चूक झाली, तर फेकच रद्द.

“आणि एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याची चूक झाली तर?” मी एकदा सहज विचारलं.

पंडितजींनी वही उघडून दाखवली. तिथे शंका लिहिलेली होती आणि उत्तराची जागा कोरी होती. पुस्तक इथे बोलत नाही, असं ते म्हणाले.

फेकायला दहा सेकंद मिळत. पंडितजींच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. ते एकम्, द्वे, त्रीणि असं एका लयीत मोजत आणि दशवर शिट्टी फुंकत. तुमसरकडच्या एका संघाबरोबर आलेल्या मास्तरांना वाटलं, की हे आपल्या पोरांसाठी मंत्र म्हणताहेत. त्यांनी हेडमास्तरांकडे लेखी तक्रार केली. पंडितजींनी ती शांतपणे वाचली, आणि तेव्हापासून ओठ मिटून मोजू लागले. गुण लिहायला मी मैदानाच्या कडेला टेबलाशी बसत असे. तिथून त्यांच्या पाठीमागे धरलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटताना मला दिसत.

दर सोमवारी ते नागऱ्याच्या महादेवाला पायी जात. एकदोनदा मीही बरोबर गेलो. सगळी वाट ते बोलत तेही नियमांबद्दलच. वाद घालायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं उत्तर ठरलेलं असे. जे दिसलं तेवढं सांगतो, म्हणत. जे झालं असतं ते मला विचारू नका. त्यांच्या निकालावर रुसणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या खरेपणावर शंका घेतलेली मी ऐकली नाही. म्हणूनच आमच्या शाळेच्या सामन्यालाही समोरचे संघ तेच पंच मागत. दुसरं कुणी नियम जाणणारं जवळपास नव्हतं, हेही खरंच.

घरी त्यांचं सोवळं कडक होतं आणि चेंडू चामड्याचा. रोज संध्याकाळी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागच्या दाराशी घंगाळ भरून ठेवत, आणि पंडितजी आंघोळ करूनच घरात पाय टाकत. पौषातल्या थंडीतही. एका संध्याकाळी बुधराम नावाचा एक पोरगा उडी मारताना खांबावर आदळला आणि त्याचं कपाळ फुटलं. पंडितजींनी शिट्टी माझ्या हातात दिली, पोराला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्यापर्यंत चालत नेलं. कोटावर रक्तच रक्त झालेलं. घरी पोचवायला मी सोबत गेलो. घंगाळ भरलेलं होतं. पंडितजी त्याच्या बाजूनं सरळ आत गेले आणि पाटावर बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पंडितजीच म्हणाले, की पोरगा होता, चेंडू नव्हता. काकूंनी घंगाळातलं पाणी तुळशीला घातलं.

बुधराम उईके सालेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावाचा. स्टेशनावर उतरून पुढे सात-आठ मैल चालावं लागे. घरी गोंडी, बाहेर झाडीबोली मराठी, बाजारात हिंदी, आणि पंडितजींच्या वर्गात संस्कृत, अशा चार भाषा तो बोले, पण एकूण बोले फारच कमी. त्याच्या गावातून शाळेत आलेला तो पहिला मुलगा. घरोघरचं थोडं थोडं धान्य गोळा करून गावानं त्याला आमच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. उंच, सडपातळ, आणि हात असे, की चेंडू हातात आला की तो थांबतच असे. फिरीच्या रेघेवर तो उभा राहिला की मी आधीच कागदावर गुण मांडायला पेन्सिल टेकवत असे.

तो मॅट्रिकच्या वर्गात आला त्या वर्षीच्या हिवाळ्यात गोंदियाला सामने झाले. लढाई सुरू होती. रेल्वेला माणसं हवी होती, आणि सामने बघायला आलेल्या एका अधिकाऱ्यानं हेडमास्तरांपाशी बोलून ठेवलं होतं, की जिंकणाऱ्या शाळेची दोन मुलं मी माझ्या ऑफिसात घेतो. आमच्याकडून एक बुधराम, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बुधरामनं ते घरीही कळवलं होतं.

अखेरचा सामना बाहेरगावच्या एका शाळेशी होता. पंच पंडितजी. वेळ संपली तेव्हा दोघांचे गुण सारखे होते, पण वेळ संपता संपता समोरच्या पोरानं बुधरामला ढकललं होतं, त्यामुळे एक फिरी बाकी होती. चेंडू गेला तर आम्ही जिंकलो. मैदानाभोवती शाळा, बोर्डिंग, स्टेशनावरची माणसं, सगळी गोळा झालेली होती.

बुधरामनं चेंडू उचलला. हात वर गेले. तेवढ्यात रांगेतल्या समोरच्या एका दांडग्या पोरानं जमिनीवर पाय आपटला आणि तोंडानं काहीतरी ओरडून हात फेकला. बुधराम दचकला. त्याचा पाय पुढे पडला, रेघेच्या पलीकडे, आणि चेंडू हातातून सुटून कड्यात गेला. लोक मैदानात धावले. कुणीतरी बुधरामला खांद्यावर घेतलंसुद्धा. त्या गलक्यात शिट्टी वाजली ती पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेली नाही. पंडितजींनी ती पुन्हा फुंकली आणि डोळे मिटून उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण लोक एकेक करून गप्प होत गेले आणि पोरांनी बुधरामला खाली उतरवलं. मग डोळे उघडून पंडितजींनी निकाल दिला. चूक दोन्हीकडून झाली आहे, फेक रद्द, जादा पाच मिनिटं खेळा.

आमची मुलं चिडली. ड्रिलमास्तर तोंड फिरवून उभे राहिले. एकटा बुधराम पंडितजींच्या जवळ आला आणि म्हणाला, “गुरुजी, माझा पाय पडला होता.” पंडितजी म्हणाले, हो, मला दिसला. जादा वेळात आमच्या पोरांच्या हातात काही उरलंच नव्हतं. एका टोपलीनं, म्हणजे दोन गुणांनी, आम्ही हरलो, आणि त्या अधिकाऱ्यानं बोलल्याप्रमाणे दुसऱ्या शाळेची दोन मुलं घेतली.

हेडमास्तर पंडितजींना पुष्कळ बोलले. त्यांचं म्हणणं असं, की चेंडू गेला होता, लोक नाचत होते, शिट्टी फुंकली नसती तर कुणी विचारलंही नसतं. पंडितजींनी ते सगळं ऐकून घेतलं. घरी जाताना मी त्यांच्याबरोबर होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो.

“त्यानं बिचकवलं म्हणून याचा पाय पडला, हे मला दिसलं होतं,” ते म्हणाले. “पण पुस्तकात त्याचं उत्तर नाही. आणि पोरगा आपला होता. दुसऱ्या शाळेचा असता तर मी त्याला पुन्हा फेकू दिलं असतं का, हे मी तिथे उभा राहून स्वतःला विचारत होतो. कदाचित दिलं असतं.”

मी म्हटलं, शंका होती तिथे तुम्ही कठोर झालात, यात वाईट काय. त्यावर ते म्हणाले, की कठोर झालो ते त्याच्यावर, लोक मला पक्षपाती म्हणतील म्हणून. फाटक उघडलं आणि आम्ही पुढे निघालो.

त्याच आठवड्यात त्यांनी मद्रासला पत्र लिहिलं. पुस्तक तिकडे छापलेलं होतं, आणि नियमांच्या शंकांना उत्तरं देणारे कुणी जाणकार तिथे होते. पत्र तीन पानांचं होतं. त्यात मैदानाची आकृती, कोण कुठे उभा होता, कुणाचा पाय कधी पडला, सगळं. इंग्रजी तपासायला त्यांनी ते मला दिलं. एके ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, की निकाल देणारा मीच आहे आणि मुलगा माझा विद्यार्थी आहे, तेव्हा माझी बाजू राखून उत्तर देऊ नये.

बुधराम संक्रांतीनंतर बोर्डिंगात परतलाच नाही. परीक्षेचा अर्ज भरलेला होता. ड्रिलमास्तरांनी त्याच्या गावाकडच्या एका पोराकडून निरोप धाडला, पण उत्तर आलं नाही. पंडितजी रोज हजेरी घेताना त्याचं नाव घेत आणि क्षणभर थांबून पुढे जात.

लढाईमुळे टपाल रखडत होतं. मद्रासचं उत्तर आलं तेव्हा शिमगा जवळ आला होता. शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्याच पंडितजींनी ते वाचलं, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तासावर गेले. शाळा सुटल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं. उत्तर फार तर पाच ओळींचं होतं. समोरच्यानं बिचकवल्यामुळे फेकणाऱ्याकडून चूक झाली, तर ती चूक धरू नये. चूक बिचकवणाऱ्याची. चेंडू जावो न जावो, फेकणाऱ्याला फेक पुन्हा द्यावी.

मी म्हटलं, आजच पत्र टाका त्याला. ते म्हणाले, हे पत्रानं सांगायचं नाही, जाऊन सांगायचं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती, ती आटोपली की जातो. आम्ही दोघांनीही ते बरोबर धरलं. परीक्षा झाली, उत्तरपत्रिका झाल्या, आणि ते निघायच्या आदल्या दिवशी निरोप नेलेला सालेकशाकडचा तो पोरगा भेटला. आसामकडे लढाईचे रस्ते बांधायला मजूर नेत होते. त्यांच्या एका तुकडीबरोबर बुधराम बारा दिवसांपूर्वी निघून गेला होता.

पंडितजी त्या दिवशी मैदानावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, की परीक्षेवर देखरेख कुणीही केली असती. एका दिवसाचं काम होतं, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी येता आलं असतं. “मला लाज वाटत होती,” ते म्हणाले. “ती परीक्षेच्या नावावर घातली मी.”

मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या माणसाकडून पत्ता मिळवून त्यांनी बुधरामला पत्र पाठवलं. मग दुसरं पाठवलं. पत्ता नुसता तुकडीच्या आकड्याचा होता. पत्रं पोचली की नाही कळलं नाही.

दसरा झाला. लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलं होतं. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात एक माणूस येऊन बसला. उघडे पाय, खांद्यावर धोतर, हातात काठी. मधल्या सुट्टीपर्यंत त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पोरांच्या गोंगाटात तो उठला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, की मी बुधरामचा बाप, चैतू. त्याचं नाव शाळेत आहे का अजून, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं आहे. तो म्हणाला, “मंग काढून टाका जी. तो नाही आता.”

ताप आला होता. तिकडेच गेला. बरोबरचा एक माणूस परतला त्यानं सांगितलं, मग जंगलखात्याच्या नाकेदाराच्या हाती कागदही आला. नाव काढायला म्हणून बाप एवढी वाट चालून आला होता. मी पंडितजींना बोलावून आणलं. त्यांनी ऐकलं आणि चैतूच्या शेजारी व्हरांड्यातच खाली बसले. चैतू संकोचानं सरकला. पंडितजींनी विचारलं, सामन्यानंतर घरी आल्यावर तो काही बोलला होता का.

“बोलला होता,” चैतू म्हणाला. “बाबा, माह्या पायानं शाळा हारली, असा बोलला. मंग गावातले लोक बी तेच बोलत. इतकं धान्य देल्लं अन् यानं पाय टाकला. मी बी बोललो एक डाव. तो काईच बोलला नाही. मंग ते मानसं घेऊन जाऊन राहिले होते, त त्याईच्या संगं गेला.”

पंडितजी उठले. त्यांनी चैतूला मैदानावर नेलं, मी मागून गेलो. तो खेळ चैतूनं कधी पाहिला नव्हता. पंडितजींनी त्याला रेघेमागे उभं केलं आणि सांगितलं, तुमचा मुलगा इथे होता. मग स्वतः समोरच्या रांगेच्या जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, तो दुसरा मुलगा इथे होता. त्यांनी पाय आपटून दाखवला, हात फेकून दाखवला. साठीकडे झुकलेला तो माणूस, टोपी नीट करून, पुन्हा एकदा पाय आपटत होता, आणि वर्गांच्या खिडक्यांतून पोरं बघत होती. मग त्यांनी खिशातलं पत्र काढलं आणि एकेका ओळीचा अर्थ सांगितला. पत्राच्या घड्या झिजून फाटायला आल्या होत्या.

चैतूनं सगळं ऐकलं. बराच वेळ तो आपल्या पायांकडे आणि रेघेकडे बघत होता.

“म्हंजे त्याची चुकी नोहती?”

“नव्हती,” पंडितजी म्हणाले. “चूक माझी होती.”

चैतूनं काठी उचलली. निघताना तो म्हणाला, “हे तुमी गावात येऊन सांगान का? मी सांगीन त कोनी आयकनार नाही. बापच हाय म्हनतीन.”

आम्ही त्याच दिवशीच्या पॅसेंजरनं निघालो. काकूंना निरोप धाडला, मी एका दिवसाची रजा लिहून दिली. सालेकशाला उतरून चालायला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. चैतू पुढे, मध्ये पंडितजी, मागे मी. वाटेत नाला आला, त्यात गुडघाभर पाणी होतं. चैतूनं हात मागे केला आणि पंडितजींनी तो धरला.

चैतूच्या घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. म्हातारे पुढे बसले, बाया कुडाच्या आडोशाला. पंडितजी उभे राहून बोलले. ते एक वाक्य बोलत, चैतू ते गोंडीत सांगे. आपण कोण, सामना कोणता होता, बुधराम कुठे उभा होता, समोरच्यानं काय केलं, हे सगळं त्यांनी वर्गात सांगावं तसं क्रमानं सांगितलं. पोरगा खरं बोलला, पाय पडला होता. पण नियमानं तो पाय त्याच्या माथी येत नाही. पंच चुकला. तो पंच मी. तुमच्या गावानं दिलेलं धान्य वाया घालवलं ते त्यानं नाही.

एका म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं, चैतूनं उत्तर दिलं. बुधरामची आई कुडापाशी उभी होती. तिथूनच ती चैतूला काही बोलली. चैतूनं लगेच सांगितलं नाही. ती पुन्हा बोलली.

“ते इचारते,” चैतू म्हणाला, “त्याले पुन्हा फेकाले भेटलं असतं, त तो बॉल त्या टोपलीत गेला असता का?”

पंडितजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे हात पाठीमागे होते. मला वाटलं, ‘ते मला सांगता येणार नाही’ असं ते म्हणतील.

“गेला असता,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. चैतूनं तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि ती आत गेली.

मला सकाळच्या गाडीनं परतणं भाग होतं. पंडितजी एक दिवस थांबतो म्हणाले. पुढच्याच उन्हाळ्यात मी बी. टी.ची अध्यापन पदवी घ्यायला जबलपूरला गेलो, तिकडेच नोकरी लागली, आणि गोंदियाला माझं परत राहणं झालं नाही. पंडितजी त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मला ते कळायलाही महिना लागला. काकूंचं पत्र आलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यांनी फारसं काही कळवलं नव्हतं, शेवटचे दिवस कसे गेले आणि कोण कोण आलं होतं एवढंच. सालेकशाकडून एक माणूस नवा तांदूळ घेऊन आला होता आणि दारात बसून राहिला, हे त्यात होतं.

त्यांची आठवण निघाली, की मला मैदान दिसत नाही. त्या गावातली ती सकाळ दिसते. उजाडत होतं, धुकं अजून धानावर होतं. मी निघायला म्हणून बाहेर आलो, तर बुधरामची आई अंगणात पंडितजींच्या समोर बसलेली. तिनं फडक्यात बांधलेली तीन पोस्टकार्डं त्यांच्या हातात दिली होती. आसामकडून पोरानं घरी धाडलेली. घरात वाचणारं कुणी नव्हतं. आली तेव्हा नाकेदारानं एकदा वाचून दाखवली होती, तेवढीच. पंडितजी टोपी मांडीवर ठेवून, कार्ड डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचत होते. इकडे पाऊस फार आहे. मी बरा आहे. गायीला कोणतं वासरू झालं ते कळवा. तीनही वाचून झाली की ती पहिल्या कार्डावर बोट ठेवी, आणि पंडितजी पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागत. मी हात जोडले, ते त्यांना दिसले नाहीत. वाट धानाच्या बांधावरून जंगलात वळत होती. तिथपर्यंत त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, वर्गात यायचा तसाच, प्रत्येक अक्षर सुटं.